मदत हवी आहे: विमान वाहतूक विद्यापीठ की नुसतं फ्लाइंग स्कूल?

मुलीला पायलटच व्हायचंय. अडलंय ते पैशापाशी. विद्यापीठाची चार वर्षांची फी वेगळी, उड्डाणाच्या तासांचा खर्च वेगळा. कमर्शियल परवाना मात्र फ्लाइंग स्कूलमधूनही तोच मिळतो. अमेरिकेत एअरलाइन पायलटच्या परवान्याला एरवी १,५०० तास लागतात, मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या विमान वाहतूक पदवीवर १,००० तासांतही मर्यादित परवाना मिळू शकतो. एवढ्यासाठी कर्ज काढावं का?

माझी खरी धास्ती वेगळीच आहे. पुढे कधी ती वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरली तर नुसत्या उड्डाणाच्या पदवीचं करायचं काय? क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी, शिक्षणाची फी भरण्याआधीच करून घेणार आहोत, पण ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतंच ना.

या वाटेने गेलेल्यांनी कृपया सांगा, नोकरीच्या वेळी पदवी विचारली की फक्त लॉगबुक (उड्डाणाच्या तासांची नोंदवही) पाहिलं?