औषधचाचणीसाठी मुक्कामी राहिलात? अनुभव लिहा

निरोगी माणसांवर औषधाची चाचणी होते तेव्हा स्वयंसेवकांना बऱ्याचदा काही रात्री केंद्रातच काढाव्या लागतात. याबद्दलची ऐकीव माहिती दोनच प्रकारची असते: एक तर ‘बसून पैसे’, नाहीतर ‘जिवाशी खेळ’. जे राहून आलेत त्यांनी या दोहोंच्या मधलं लिहावं. दिवस कसा जातो, काय खटकतं, काय आधीच विचारून घ्यावं, सगळं येऊ द्या. सुरुवात मी करतो.

माझ्या लक्षात राहिलं ते घड्याळ. आदल्या रात्रीपासून निदान दहा तास पोटात काही नाही, डोसच्या आधी तासभर पाणीही बंद. मग मोजून 240 मिली पाणी आणि गोळी. गिळली की तोंड उघडायचं, टॉर्च मारून जिभेखाली, गालांत बघतात. शेजारच्या खाटेवरच्याचा डोस माझ्यानंतर काही मिनिटांनी, कारण पुढे प्रत्येकाचं रक्त त्याच्या त्याच्या वेळेला काढायचं असतं. एक नर्स सिरिंज लावून तयार, दुसरी घड्याळ बघून ‘आता’ म्हणणार. सुरुवातीला हे दर थोड्या वेळाने, नंतर अंतर वाढत जातं. चार तास खायला मिळत नाही आणि आमच्या चाचणीत तेवढा वेळ आडवंही होऊ देत नव्हते. करायला काडीचं काम नाही, पण एक मिनिट आपल्या मालकीचं नाही. या मुक्कामाची खरी दगदग म्हणाल तर ही.

चहाबाज

कॅफीन बंद! चहा, कॉफी, कोला, चॉकलेट, सगळं. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की मला वाटलं औषधाचाच परिणाम. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, “रोज किती कप घेता?” आत जायच्या आठवडाभर आधीपासून हळूहळू कमी करत आणा. आणि हो, ती डोकेदुखीसुद्धा वेळ घालून नोंदली गेली. तिथे शिंकलात तरी लिहून घेतात.

रात्रपाळी

मी पलीकडच्या बाजूची, अशा केंद्रात नर्स होते. वरची शिंक गमतीने लिहिली असेल, पण लिहून घेतात ते बरोबरच. औषध कोणाला मिळालं आणि प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, कोणाला, हे अनेक चाचण्यांत आम्हालाही माहीत नसायचं. त्यामुळे ‘हे औषधामुळे नसेल’ असं आपल्या मनाने ठरवून गप्प बसू नका. पुरळ, मळमळ, झोप न लागणं, सगळं सांगा. काही जण घरी पाठवतील या भीतीने लपवतात, त्यांची मला फार चीड यायची. पुढे ते औषध आजारी माणसं घेणार असतात.

निवड तपासणीबद्दल दोन गोष्टी. आदल्या दोन-चार दिवसांत जिममध्ये घाम गाळू नका. जड व्यायामाने स्नायूंतली एन्झाइम्स रक्तात वाढतात, त्यातली काही यकृताच्या तपासणीतही दिसतात आणि ठणठणीत माणूस बाद होतो. दुसरं, खसखस टाळा. लघवीच्या चाचणीत अफूवर्गीय पदार्थ दिसू शकतो.

राखीव

निवड झाली म्हणजे डोस मिळेलच असं नाही. जागेपेक्षा एक-दोन माणसं जास्त बोलावतात. मी रात्रभर राहिलो, सकाळी उपाशी बसलो, आणि सगळ्यांचे डोस बिनबोभाट झाल्यावर मला ‘धन्यवाद, तुम्ही जाऊ शकता’. राखीव माणसाला काय मोबदला, ते सही करण्याआधी विचारा.

कुंपणावर

मला 2006 ची लंडनची घटना आठवते. टीजीएन 1412 नावाचं औषध, सहा धडधाकट तरुणांना एकाच सकाळी डोस, आणि सगळेच्या सगळे अतिदक्षता विभागात. हे वाचूनही तुम्ही जाता?

रात्रपाळी

रास्त प्रश्न. ते सहाही जण वाचले, पण काहींना कायमची इजा झाली. तिथे माणसाला पहिल्यांदाच दिलं जाणारं औषध साधारण दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सहा जणांना दिलं गेलं. पहिल्याला त्रास सुरू होईपर्यंत बाकीच्यांचेही डोस होत आले होते. त्यानंतर अशा औषधांच्या बाबतीत आधी एक-दोघांनाच डोस देऊन थांबायची पद्धत रुळली. तेव्हा विचारा: हे माणसांना पहिल्यांदाच देताय का? पहिल्या माणसानंतर किती वेळ थांबणार? इजा झाली तर उपचारांचा खर्च कोणाचा? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पिशवी उचला आणि निघा. जुन्या औषधाची दुसऱ्या कंपनीने बनवलेली गोळी तपासायची असेल तर गोष्ट बरीच वेगळी, तिथे औषधाचे गुणदोष आधीच माहीत असतात.

अर्ध्यावर

मी मधेच सोडून आले. घरी अडचण होती. कारण सांगणं बंधनकारक नसतं, संमतीपत्रात तसं स्पष्ट असतं. तरी समन्वयकाने ‘आता पूर्ण कराच, नाहीतर काहीच मिळणार नाही’ असा सूर लावला. मी संमतीपत्राचं ते पान काढून समोर ठेवलं. झालेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे द्यावेत, सगळी रक्कम शेवटपर्यंत अडकवू नये, असा चाचण्यांचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. मिळाले. मात्र जाण्याआधी शेवटची तपासणी करून घ्या, ती आपल्याच भल्याची.

त्या संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे स्वयंसेवकांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो. कागदपत्रांत पुरून ठेवू नका, मोबाइलमध्ये घ्या.

खादाड

जेवणाबद्दल कोणीच लिहिलं नाही! आमच्या चाचणीत अन्नाचा औषधावर होणारा परिणाम बघायचा होता, म्हणून डोसच्या आधी मुद्दाम तेलकट न्याहारी, 800 ते 1000 कॅलरींची. ती अर्ध्या तासात संपवायची, ताट चाटूनपुसून. शेवटचे घास नर्सच्या नजरेखाली गिळताना लहानपण आठवलं.

नवखी

माझी पहिलीच वेळ आहे. सोबत काय नेऊ? आणि लगेच दुसरी चाचणी करता येते का?

रात्रपाळी

सैल बाह्यांचे कपडे, लांब वायरचा चार्जर, कानात घालायचे बोळे. खोलीत कोणीतरी घोरणारच. घरचं खाणं आणि स्वतःच्या गोळ्या बॅगेतून काढून ठेवतील, त्यामुळे रोजचं कुठलंही औषध, अगदी जीवनसत्त्वाची गोळीसुद्धा, आधीच सांगा. शिरा सापडत नसतील तर मुभा असेल तेव्हा भरपूर पाणी प्या, हात गरम ठेवा. रक्त काढायला शिरेत ठेवलेली नळी अडली तर दर वेळी नवी सुई टोचावी लागते.

लगेच दुसरी नाही. पहिलं औषध अंगातून जायला आणि गेलेलं रक्त भरून यायला वेळ लागतो. अनेक ठिकाणी तीन महिन्यांचं अंतर ठेवतात, काही ठिकाणी कमी. आणि सुटून आल्यावर फेरतपासणीची तारीख असते, तिला दांडी मारू नका.