पुण्यात नृत्याचा क्लास : सात वर्षांची लेक आणि मी, दोघींसाठी सल्ला हवा

सांजवारा
नमस्कार मंडळी. आम्ही वारज्याला राहतो. लेक सात वर्षांची, दुसरीत आहे. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात नाचली आणि तेव्हापासून "आई, मला क्लास लाव" हा धोशा सुरू आहे. घराजवळच्या एका स्टुडिओच्या पत्रकावर कथक, भरतनाट्यम, बॉलिवूड, हिपहॉप, साल्सा, झुंबा, लावणी असं सगळंच आहे. फी तीन महिन्यांची एकदम भरायची. त्यातलं काय निवडावं?

दुसरा प्रश्न माझा. वय ३९, दिवसभर बसून काम, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. लहानपणापासून कथकची फार ओढ होती, पण आमच्या गावात शिकवणारं कुणी नव्हतं. आता सुरू केलं तर जमेल का? घरचे म्हणतात झुंबा कर, व्यायाम तरी होईल.

मोरपीस
लेकीचं आधी सांगते. सात हे वय शास्त्रीय नृत्य सुरू करायला छान आहे, पण तिला विचारल्याशिवाय ठरवू नका. स्टुडिओत जाऊन दोन-तीन वेगवेगळे वर्ग नुसते बाजूला बसून बघू द्या. आमच्या घरी मोठीचे पाय कथकच्या वर्गात आपोआप हलायला लागले, धाकटी हिपहॉपच्या दाराशी खिळून उभी राहिली. बघूच देत नसतील, तर तीन महिन्यांची फी अजिबात भरू नका.

आणि बॉलिवूडला कमी लेखू नका. चांगल्या शिक्षकाकडे तालाचं भान, मोजणी, रांगेत जागा धरणं हे सगळं येतं. फक्त वर्षभर निव्वळ गॅदरिंगची गाणी बसवून घेणारा वर्ग नको. त्यात मूल गाणं पाठ करतं आणि नाच शिकायचा राहून जातो.

सम_आणि_काल
सांजवाराताई, तुमच्या प्रश्नासाठीच लॉगिन केलं. मी प्रौढांच्या कथक वर्गात बरीच वर्षं आहे, आमच्यात साठी ओलांडलेल्या दोघीजणी आहेत. जमतं. नक्की जमतं.

सुरुवातीला काय असतं ते नीट सांगतो, कारण बरेचजण इथेच सोडून जातात. पहिले काही महिने तुम्ही एका जागी उभ्या राहून तत्कार, म्हणजे तालाच्या बोलांवर पावलं टाकणं, करणार. "ता थेई थेई तत्" ला उजवा-डावा-उजवा-डावा, "आ थेई थेई तत्" ला डावा-उजवा-डावा-उजवा. म्हणजे "तत्" चा डावा पडला की लगेच "आ" चाही डावाच. नवशिका नेमका तिथे अडखळतो, कारण पायाला आलटून पालटून पडायची सवय असते. ही जोडी दोनदा केली की तीनतालाच्या १६ मात्रा पूर्ण, पुन्हा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. हेच बराबर (मूळ लयीत), मग दुगुन (दुप्पट), मग चौगुन (चौपट). हात, चक्कर, तोडे-तुकडे (बोलांच्या छोट्या रचना) नंतर. आणि तोंडाने बोल म्हणत हातावर ताल देणं, म्हणजे पढंत, हे पहिल्यापासून करून घेणारे गुरू मिळाले तर सोडू नका. बोल तोंडात बसला की पायात यायला वेळ लागत नाही.

गुडघ्याचं : आधी डॉक्टरांना दाखवा आणि गुरूंना पहिल्याच दिवशी सांगा. मग वर्गाची जमीन बघा, ही गोष्ट फार कमी लोक बघतात. सिमेंटवर बसवलेल्या फरशीवर रोज तासभर पाय आपटले तर टाचा आणि गुडघे दोन्ही बोलायला लागतात. लाकडी जमीन उत्तम, नसेल तर निदान वेळ कमी आणि जोर बेताचा. कथकमध्ये शरीर सरळ उभं असतं, गुडघे सतत वाकवून धरायचे नसतात, तो भाग तुमच्या सोयीचा आहे.

पुण्यात असून कथक शिकायला मिळणं हे भाग्य आहे. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली इथे नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली आणि त्यांच्या शिष्यांनी पुढे शहरभर वर्ग चालवले. शमाताई भाटे यांची नादरूप ही संस्थाही त्याच परंपरेतली. तुमच्या भागात शिकवणाऱ्या बाईंना एवढंच विचारा, "तुम्ही कुणाकडे शिकलात, आणि किती वर्षं?" खरा शिकलेला माणूस गुरूचं नाव आनंदाने सांगतो.

ठाण्याची_वेणू
वरच्या प्रतिसादाला +१. मी भरतनाट्यमच्या बाजूने बोलते. लेकीला स्वच्छ रेषा, ठसठशीत मुद्रा, डोळ्यांचा अभिनय आवडत असेल तर हे तिचं आहे. इथे सुरुवात अरमंडीपासून, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं आणि त्याच बैठकीत अडवू, म्हणजे हातापायांच्या मूळ हालचाली, करायचे, एकच अडवू तीन लयींत. वर्ग बघायला जाल तेव्हा मुलींचे गुडघे बघा. पाय मांडीच्या मुळापासून बाहेर वळायला हवेत. नुसती पावलं वळवून गुडघे पुढेच राहत असतील आणि बाई काही बोलत नसतील, तर तिथून निघा. पुढे हेच दुखण्याचं कारण होतं. सांजवारा, दुखऱ्या गुडघ्याने तुम्ही स्वतः मात्र यात पडू नये असं माझं स्पष्ट मत.

दाक्षिणात्य म्हणून मराठी मुलीला परकं वाटेल, ही भीती मनातून काढा. तंजावरच्या भोसले राजांनी या नृत्यासाठी मराठीत रचना केल्या, सरफोजीराजांच्या तर प्रसिद्ध आहेत. सुचेताताई भिडे-चापेकर यांनी त्या अभ्यासून पुन्हा मंचावर आणल्या, शिवाय भरतनाट्यमला हिंदुस्थानी संगीताची जोड देऊन 'नृत्यगंगा' ही शैली उभी केली. त्यांची कलावर्धिनी ही संस्था तुमच्या पुण्यातलीच.

एक व्यवहाराची गोष्ट. अरंगेत्रमचा, म्हणजे शिष्येच्या पहिल्या पूर्ण मंचप्रयोगाचा, खर्च आधीच विचारून ठेवा. सभागृह, साथीदार, पोशाख, दागिने, छायाचित्रं धरून तो फार मोठा होऊ शकतो आणि काही ठिकाणी ऐन वेळी पालकांवर येऊन पडतो.

कोपऱ्यावरचा_गुलमोहर
परीक्षांबद्दल थोडं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. राज्य मंडळाच्या दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, म्हणून काही पालक मुलांना घाईने एकेक परीक्षा देत पुढे ढकलतात. तसं करू नका. पुढे तिला यातच पदवी घ्यावीशी वाटली तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबईत कनकताई रेळे यांनी उभं केलेलं नालंदा हे नृत्य महाविद्यालय आहे.

तिरकिट_धा
झुंबा आणि साल्साबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. झुंबा हा व्यायाम आहे आणि व्यायाम म्हणून फार चांगला. घाम निघतो, मन मोकळं होतं, चुकलं तरी कुणी थांबवत नाही. पण ओढ कथकची असेल तर झुंब्याने ती भागणार नाही, हे मी अगदी कळकळीने सांगते.

साल्साला जोडीदार लागतो हा गैरसमज आहे, बहुतेक वर्गांत जोड्या फिरत्या असतात. मोजणी आठची, पण पावलं १-२-३ आणि ५-६-७ ला, चार आणि आठ रिकामे. रबरी तळव्याचे बूट घालून जाऊ नका. गिरकी घेताना पाऊल जमिनीला चिकटतं आणि पीळ थेट गुडघ्याला बसतो.

लावणीसाठी मात्र ढोलकीवर शिकवणारे शोधा. नऊवारी नेसून, घुंगरांचं वजन पायात घेऊन केलेली लावणी आणि स्पीकरवर लावलेल्या गाण्यावरची लावणी यांत फार अंतर आहे.

सांजवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी लेकीला घेऊन तीन वर्ग बघून आले. त्या स्टुडिओत जमीन फरशीची आहे आणि बाहेरच्यांना वर्ग बघू देत नाहीत, त्यामुळे तो बाद. कोथरूडच्या एका बाईंकडे लाकडी जमीन आहे, महिन्याची फी, आणि विचारताच त्यांनी गुरूंचं नाव आणि शिकल्याची वर्षं सांगितली. लेक भरतनाट्यमचा वर्गही मन लावून बघत होती, पण कथकच्या वर्गातून उठायला तयार नव्हती. मोठ्यांचा वर्ग संध्याकाळी सातला असतो. डॉक्टरांनी मला हरकत नाही म्हटलंय, मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम मात्र रोज करायला सांगितलेत.

आता घुंगरू आत्ताच घ्यायचे का? आणि वर्गाला काय घालून जायचं?

सम_आणि_काल
फार आनंद झाला! घुंगरू गुरू सांगतील तेव्हाच. आधी पायाचा स्वच्छ आवाज यायला हवा, घुंगरात चुका झाकल्या जातात. घ्याल तेव्हा दोरीत घट्ट ओवलेले घ्या, भरतनाट्यमचे पट्ट्यावर शिवलेले असतात ते नकोत. लेकीला थोडे, तुम्हाला जास्त, पण पहिल्याच दिवशी शंभर-शंभर बांधायचा हट्ट नको. घरी सराव करणार असाल तर खालच्या मजल्यावर वेळ सांगून ठेवा.

कपडे सुती सलवार-कुर्ता, घेर फार नको. ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेला घट्ट गाठ. केस बांधलेले, पायात काही नाही, आणि सोबत पाण्याची बाटली व एक वही. बोल लिहून घ्यायला लागतातच.