अल्झायमर झालेल्या सहकाऱ्याला नोकरीत ठेवावं की घरी पाठवावं?

अंधेरी_पूर्व
आमच्या ऑफिसमधले एक सर, वय ५४, अकाउंट्समध्ये २७ वर्षं. टीडीएसचे दर, पार्ट्यांची येणी-देणी सगळं तोंडपाठ. व्हाउचर कसं लिहायचं ते मी त्यांच्याकडूनच शिकले. गेल्या दिवाळीपासून काहीतरी बिघडत होतं. एकाच पार्टीचं पेमेंट दोनदा गेलं, रिटर्नची तारीख चुकली. आम्हाला वाटलं, घरचं टेन्शन असेल. मग एक दिवस त्यांची खिशातली डायरी टेबलावर उघडी राहिली. त्यांच्या त्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'डबा खाल्ला, १.१०.' आणि खाली, 'बोरिवली लोकलच घ्यायची. विरार नको.' बोरिवली लोकल बोरिवलीलाच संपते, म्हणजे उतरायचं विसरलं तरी चालतं. मी डायरी मिटून ठेवली. दिवसभर काम सुचलं नाही.

मागच्या महिन्यात निदान झालं. अल्झायमर, सुरुवातीची अवस्था. त्यांनी स्वतः जाऊन एचआरला सांगितलं. तिसऱ्या दिवशी राजीनाम्याचा टाइप केलेला कागद समोर आला. 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणे.

माझं स्पष्ट मत आहे की काम बदला, माणूस काढू नका. हा फक्त म्हातारपणाचा आजार नाही. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी जी पहिली रुग्ण तपासली ती ५१ वर्षांची होती. मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचायला लागतात. म्हणजे सर उत्तम काम करत होते तेव्हाही आजार आत होताच. मग रिपोर्ट हातात आल्यावर तिसऱ्या दिवशी ते बिनकामाचे कसे झाले?

गोरेगावचा_गाळा
ताई, तुमची कळकळ पोचली, पण मी १८ जणांचा पगार करतो. चुकीच्या खात्यात गेलेले चार लाख परत आले नाहीत तर त्या महिन्यात १८ घरांत काय सांगू? शिवाय हा आजार नुसत्या विसरण्याचा नाही. निर्णय घेण्याची ताकदही जाते, आणि बऱ्याचदा ती गेली हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. जुन्या आठवणी उशिरापर्यंत टिकतात, कालची गोष्ट आधी पुसली जाते. जीएसटीचे नियम तर सारखे बदलतात. उद्या ते नव्या मुलांना दोन वर्षांपूर्वीचा नियम अगदी आत्मविश्वासाने शिकवतील. त्यांना सहा महिन्यांचा पगार द्या, वर्षाचा द्या, पण सही त्यांच्या हातात ठेवू नका. खुर्चीही नको. माझ्याकडे प्रेस मशिन आहेत, तिथे तर प्रश्नच येत नाही.

परळची_सिस्टर
आधी एक विचारते, बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय ना? नैराश्य, झोपेत श्वास अडकणं? यानेही माणूस विसरभोळा होतो, आणि हे बरं होतं. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता खूप दिसते. आम्ही पेशंटला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगतो, अकरा वाजून दहा मिनिटं. पुष्कळ जण एक काटा दोनऐवजी दहाच्या आकड्यावरच नेऊन ठेवतात. पण तेवढ्यावर निदान होत नाही.

गाळावाल्या दादांना एवढंच सांगेन की अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅब आणि २०२४ मध्ये डोनानेमॅब या औषधांना मान्यता मिळाली. आजार बरा होत नाही. लेकानेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका आहेच. पण ही औषधं फक्त सुरुवातीच्या अवस्थेत देतात. सांगितलं की राजीनामा, असं दिसलं तर पुढचा माणूस दोन वर्षं लपवेल आणि आमच्याकडे येईल तेव्हा ती वेळ निघून गेलेली असेल.

ठाणेकर_लेक
मी सिस्टरशी सहमत आहे, तरी उत्तर वेगळं देणार आहे. माझे बाबा सरकारी नोकरीत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा बिघाडही आहे. बाबांची नोकरी टिकली. त्यांना खिडकीजवळ टेबल दिलं आणि एकही फाइल दिली नाही. ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि साडेपाचपर्यंत रिकाम्या टेबलापाशी बसायचे. घरी येऊन आईवर चिडायचे. ती दोन वर्षं, जेव्हा ते आम्हाला अजून नावानिशी ओळखत होते, आम्ही त्या टेबलाला देऊन टाकली. आज मला विचाराल तर मी म्हणेन, घरी न्या.

अंधेरी_पूर्व
ताई, तुमचं वाचून थांबले थोडा वेळ. पण सर खासगी कंपनीत आहेत, ते कलम त्यांना लागू नाही. राजीनामा दिला की ग्रुप मेडिक्लेमही संपतो. मुलगी बारावीला आहे.

गिरगाव_चाळ
नोकरीचं काय ते ठरेल, कागदपत्रं आधी करा. एका हाकेवर मुंबई बंद करणारे जॉर्ज फर्नांडिस. त्यांना हाच आजार झाला आणि त्यांचा सांभाळ कोणी करायचा यावरून घरच्यांना कोर्टात जावं लागलं. मृत्युपत्र, पीएफचं नॉमिनेशन, जॉइंट खातं हे सर सही समजून करतायत तोवर व्हायला हवं. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याचं मन सुस्थितीत राहिलं नाही की ते कायद्याने संपतं, नेमकं गरज असते तेव्हाच.

अंधेरी_पूर्व
आज सरांशी बोलले. ते म्हणाले, "पेमेंटची सही काढून घ्या, मीच सांगणार होतो." राजीनाम्यावर सही केलेली नाही. जुन्या पार्ट्यांच्या खात्यांचा मेळ घालायचं काम मागितलंय, दुसरा माणूस तपासेल असं. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांचा रिपोर्ट. बी-१२ तपासलंय, नॉर्मल आहे.

गोरेगावचा_गाळा
सही गेली हे बरं झालं. खुर्चीबद्दल माझं मत तेच आहे. एक गोष्ट मात्र लिहून घ्या. ज्या दिवशी ते 'मी ठीक आहे' म्हणतील आणि नसतील, त्या दिवशी त्यांना 'आता पुरे' कोण सांगणार? एचआरला ते जमणार नाही.

अंधेरी_पूर्व
तो रकाना अर्जात घातलाय. सरांनी तिथे माझं नाव लिहिलंय.