मदत हवी आहे: दोन आकारांच्या मधली रेघ जातच नाही

कोनमापक
तीन दिवस यात गेलेत. संगणकावर अमूर्त चित्र करतेय: मोठी वर्तुळं, त्रिकोण, पट्टे, सगळे रंग सपाट आणि भडक. आकार एकमेकांना चिकटवले की मध्ये बारीक रेघ दिसते. आकार पुन्हा काढले, स्नॅप (कडा आपोआप जुळवणारी सोय) चालू केलं, तीन वेळा एक्सपोर्ट केलं. रेघ तिथेच. परवा द्यायचंय. काय करू?

निळी_शाई
सॉफ्टवेअर कोणतं? व्हेक्टर (गणिती रेषांचं) की पिक्सेल (ठिपक्यांचं)? पडद्यासाठी की छपाईसाठी? आणि रेघ कोणत्या रंगाची? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

कात्रण
माझं ऐका, कागद कापून करा. फ्रेंच चित्रकार मातीस उतारवयात आजारपणामुळे कात्रीकडे वळला, गॉशने (अपारदर्शक जलरंगाने) रंगवलेल्या कागदांतून आकार कापायचा. मी स्वतः चार वर्षं तसंच करते. एकावर एक कागद चिकटवला की मध्ये फट राहतच नाही, आणि आकार हाताने सरकवून बघता येतो.

कोनमापक
इंकस्केप, म्हणजे व्हेक्टर. पडद्यासाठी. रेघ काही ठिकाणी पांढरी आहे, काही ठिकाणी रंग सांगता येत नाही, नुसतं चमकतं. कागद आता शक्य नाही हो, फाइलच द्यायची आहे.

जुना_रंगारी
पांढरी रेघ ओळखीची आहे. व्हेक्टरमध्ये हे सगळीकडेच होतं. तिरपी कड पिक्सेलच्या मधून जाते. पहिला आकार तो पिक्सेल अर्धा भरतो, म्हणजे मागचं पांढरं ५० टक्के उरतं. दुसरा आकार उरलेल्याचा पुन्हा अर्धाच झाकतो. २५ टक्के पांढरं शिल्लक, तीच तुमची रेघ. तेव्हा आकार कडेला कड लावून ठेवूच नका. खालचा आकार वरच्याच्या पोटात चांगला आत सरकवा. ते जमत नसेल तर आकाराला त्याच्याच रंगाचा एक पिक्सेलचा स्ट्रोक (बाह्यरेषा) द्या.

निळी_शाई
स्ट्रोक नको. टोकदार कोपरे बोथट दिसायला लागतात. खाली एक मोठा आकार टाकणं बरं.

जुना_रंगारी
स्ट्रोकचा कोपऱ्यातला जोड मायटर (टोकदार) ठेवा, कोपरा बोथट होणार नाही. मी कायम तसंच करतो.

निळी_शाई
मायटर ठेवला की अरुंद त्रिकोणाचं टोक कितीतरी पुढे जातं. करून बघा.

त्रिज्या
रेघेपेक्षा मला रंगांची निवड महत्त्वाची वाटते. चित्रकार कांडिन्स्की बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवायचा तेव्हा त्याने पिवळा त्रिकोण, लाल चौकोन, निळं वर्तुळ अशी सांगड घातली होती. तुमचं वर्तुळ कोणत्या रंगाचं आहे? निळं करून बघा, चित्र शांत होईल.

कोनमापक
वर्तुळ लालच हवंय, ते बदलणार नाही. जुना_रंगारी, निळ्या त्रिकोणांचा पंखा आहे तिथे खाली एक मोठा निळा आकार टाकला. पांढरी रेघ गेली! पण हिरव्यावरचं लाल वर्तुळ तसंच आहे. तिथे स्ट्रोकही दिला. कड अजून थरथरते.

निळी_शाई
हे आधी सांगायला हवं होतं, ही दुसरीच गोष्ट दिसतेय. पीएनजी काढा, भरपूर झूम करा आणि कलर पिकरने कडेवरचे पिक्सेल एकेक करून तपासा.

कोनमापक
तपासले. आकडे लाल, हिरवा, निळा या क्रमाने: लाल २५५, ०, ०. मग एक मिश्र पिक्सेल, तपकिरीसारखा. मग हिरवा ०, १५०, ०. पांढरं कुठेच नाही. तरी झूम कमी केला की रेघ दिसते!

निळी_शाई
म्हणजे रेघ फाइलमध्ये नाही, ती डोळ्यात तयार होतेय. लाल आणि हिरवा विरुद्ध रंग, त्यात दोघांचा उजळपणा सारखा. कड कुठे आहे हे डोळ्याला मुख्यतः उजळपणाच्या फरकावरून कळतं. तो फरक नाही म्हणून कड स्थिर राहत नाही.

कोनमापक
उजळपणा सारखा नाहीये. लालचा ब्राइटनेस १००, हिरव्याचा ५९. सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) शून्य करूनही पाहिलं, दोन करडे अगदी वेगळे दिसतात.

निळी_शाई
इथेच सगळे फसतात, मीही फसलो होतो. एचएसबी (रंगछटा, सॅच्युरेशन, ब्राइटनेस) मधला ब्राइटनेस म्हणजे तीन आकड्यांतला फक्त सगळ्यात मोठा आकडा. डोळ्याला काय दिसतं याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही १०० दाखवतो, पण शेजारी ठेवून बघा. गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या रंगखिडकीत एलसीएच ही मोजपट्टी निवडा आणि एल, म्हणजे डोळ्याला दिसणारा उजळपणा, वाचा. पिवळा ९७ च्या पुढे, निळा तिशीच्या आसपास. आणि तुमचा लाल व तुमचा हिरवा, दोन्ही ५४ च्या आसपास. सॅच्युरेशन शून्य करणं ही चाचणीच नव्हे, चित्र ल्युमिनन्सवर (डोळ्याला दिसणाऱ्या उजळपणावर) करडं करा. वर्तुळ दिसेनासं होईल.

कात्रण
मग दोन्ही रंग थोडे मळकट करा ना. शुद्ध रंग शेजारी ठेवले की असंच होणार.

जुना_रंगारी
याला माझा विरोध आहे. चित्रकार अल्बर्सने १९५० पासून आयुष्यभर चौकोनात चौकोन रंगवले. बहुतेक रंग थेट ट्यूबमधून, न मिसळता, सुरीने पसरलेले. कडा कुठे नुसत्या जाणवतात, कुठे ठळक, हे तो कोणता रंग कोणाशेजारी ठेवायचा यावर ठरवायचा. दोष शुद्ध रंगाचा नाही. मळकट केलंत तर चित्राचा जीवच जाईल.

नवखा_हात
मध्येच विचारतो, अशा चित्रांसाठी पेनचा टॅबलेट लागतोच का?

त्रिज्या
नाही, माउस पुरतो. पण यासाठी वेगळा धागा काढा.

कोनमापक
ल्युमिनन्सवर करडं केलं. वर्तुळ खरंच नाहीसं झालं, पार्श्वभूमीत विरघळलं! हिरवा ०, ९०, ० केला, एल ३२ च्या आसपास आला. कड थांबली. लाल जराही बदललेला नाही आणि तरी आधीपेक्षा जास्त पेटल्यासारखा दिसतोय. खूप खूप आभार, निळी_शाई आणि जुना_रंगारी.

फक्त आता हिरवा खाली गेल्यामुळे बाजूचा पिवळा पट्टा फार पुढे येतोय, नजर वर्तुळावर टिकत नाही. पिवळा तसाच ठेवून पट्टा निम्म्या रुंदीचा करून बघतेय. कोणी जागं आहे का?