मदत हवी आहे: रविवारी फातोर्ड्याची उपांत्य मॅच बघून रात्री सावंतवाडीकडे परत कसं यायचं? आणि मुळात जावं का?

तळवड्याचा_गवा (३ एप्रिल २०२५, रात्री)

मंडळी, प्रश्न दोन ओळींचा आहे, पण मागचं रामायण सांगितल्याशिवाय कोणी नीट उत्तर देणार नाही.

रविवारी ६ तारखेला संध्याकाळी साडेसातला मडगावच्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर एफसी गोवा विरुद्ध बंगळुरू एफसी, आयएसएलच्या (फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगच्या) उपांत्य फेरीचा दुसरा सामना. मी सावंतवाडी तालुक्यातला, बरोबर पुतण्या, सहावीतला. जायचं कसंही जमतं, ट्रेन नाही तर बांदा, म्हापसा, पणजी करत बस बदलत. परतीचं घोडं अडलंय. मॅच सुटेपर्यंत कोकणकन्या मडगावहून कधीच निघून गेलेली असते आणि म्हापशाहून आमच्याकडे येणारी शेवटची एसटीसुद्धा. वहिनीने एकच अट घातली आहे: "रात्री कितीही वाजूदे, पण सोमवारी पोरगो शाळेत दिसाक व्हयो." त्यात रविवारी रामनवमी. दुपारी बाराला देवळात जन्म झाल्याशिवाय आणि प्रसाद घेतल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही.

मोटरसायकल आहे. शंभरेक किलोमीटर, मागे पोरगा, मध्यरात्री. कोणी असं केलं आहे का? हेल्मेट स्टेडियमात नेऊ देतात की बाहेर ठेवायचं? ठेवायचं तर कुणाकडे?

आता दुसरा प्रश्न. काल बंगळुरूत आपण ०-२ हरलो. पहिला स्वयंगोल, झिंगनचा, मध्यंतराच्या तोंडावर. मध्यंतरानंतर सावरायच्या आत एडगर मेंडेझचा दुसरा. म्हणजे रविवारी दोन गोलांनी जिंकलो तर जादा वेळ, तीननी जिंकलो तरच सरळ अंतिम फेरी. एवढ्यासाठी पोराला घेऊन जावं का? त्याने भिंतीवर ब्रायसन फर्नांडिसचा फोटो लावला आहे. माझ्या भिंतीवर काही नाही, कारण मी २०१५ पासून बघतोय. फातोर्ड्यावरची चेन्नईविरुद्धची ती फायनल, २-३. त्यानंतर २०१९ ला मुंबईत बंगळुरूविरुद्धची फायनल, जादा वेळेत राहुल भेकेचं डोकं लागलं आणि ०-१. आणि गेल्या वर्षीची मुंबई सिटीविरुद्धची उपांत्य. तिचं नाव काढलं की अजून जेवण जात नाही. ९० व्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे होतो, घरच्या मैदानावर. संपली तेव्हा २-३.

हे सगळं पोराला का दाखवायचं, असा माझा प्रश्न आहे. क्रिकेट बरं, तिथे निदान आपल्या घरात कोणी रडत नाही.

पण मोसम चांगला गेला हेही खरं. २४ सामन्यांत १४ विजय, ६ बरोबरी, फक्त ४ पराभव. ४८ गुण, दुसरा क्रमांक. मोहन बागान ५६ वर होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, गुणतक्त्यात पहिल्याला मिळणारी शील्ड त्यांचीच. पण तिसऱ्या बंगळुरूचे ३८ होते! वर्षभर घाम गाळून मिळवलेलं दहा गुणांचं अंतर कालच्या नव्वद मिनिटांत धुऊन गेलं. पहिल्या दोघांना एवढंच मिळतं की बाद फेरीचा एक सामना कमी खेळायचा आणि दुसरी मॅच घरी. बाकी सगळं शून्यापासून. हा न्याय कुठला?

जाणकारांनी सांगावं. चान्स किती, आणि गाडी कुठून.

कोंब_मडगाव (३ एप्रिल)

आधी वेळेचं गणित. साडेसातची मॅच, मध्यंतर धरून साधारण साडेनऊला सुटते. एकूण गोल बरोबरीत राहिले तर तीस मिनिटं जादा, मग पेनल्टी. परक्या मैदानावरच्या गोलाला जास्त वजन वगैरे काही नाही. म्हणजे सव्वादहा धरून चला. तुम्ही गोव्याच्या विजयाची प्रार्थना करता म्हणजे उशिरा घरी पोचण्याचीच प्रार्थना करता, हे वहिनींना सांगू नका.

मोटरसायकलने जाऊ नका. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू आहे, रस्ता कुठे वळवलाय ते दिवसा कळत नाही, रात्री तर देवच जाणे. आणि मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तुम्हाला जुन्या पुलावरून फिरून यावं लागेल. मेरशीच्या चौकात बाहेरगावचे मोटरसायकलवाले हमखास चुकतात.

हेल्मेट, पाण्याची बाटली, पॉवर बँक घेऊन गेटवर वाद घालू नका, आत सोडत नाहीत. कदंबा स्टँड स्टेडियमपासून चालत जाण्याएवढा जवळ आहे. पोराला खायला तिथेच घालून आत न्या. आतल्या दुकानांवर मध्यंतरात जी झुंबड उडते, तीत उत्तरार्धाची पहिली पाच मिनिटं जातात. कालचा मेंडेझचा गोल ५१ व्या मिनिटाला होता, लक्षात ठेवा.

आता चान्स. मी तीस टक्के म्हणेन, आणि मी अंधभक्त नाही. नोव्हेंबरमध्ये याच बंगळुरूला याच मैदानावर आपण ३-० हरवलंय. तोपर्यंत ते मोसमात एकही सामना हरले नव्हते. डिसेंबरमध्ये त्यांच्याकडे २-२. म्हणजे आपल्याला नेमका जो निकाल हवा आहे तो पाच महिन्यांपूर्वी लागलेला आहे. फक्त आपला प्रशिक्षक मानोलोने पहिल्या मिनिटापासून सादिकूला पुढे ठेवून उदांता आणि ब्रायसनला बाजूंनी पळवलं पाहिजे. काल आपण चेंडू छान फिरवला, त्यांच्या गोलसमोरच्या पेटीत मात्र कोणी नव्हतं.

आंजर्ल्याचा_निळा (४ एप्रिल, सकाळी)

मला एक कळत नाही. तुम्ही महाराष्ट्रातले. महाराष्ट्राचा संघ मुंबई सिटी, दोनदा शील्ड, दोनदा कप (अंतिम फेरी जिंकून). आणि तुम्ही सीमा ओलांडून गव्याच्या, म्हणजे एफसी गोवाच्या मागे. आमच्याकडे गवा काजूच्या बागेत शिरला तर वनखात्याला फोन करतात.

राहिला दहा गुणांच्या अंतराचा प्रश्न. तो फक्त तुमचा आहे का? २०२२-२३ ला आम्ही ४६ गुणांनी शील्ड घेतली. उपांत्य फेरीत हेच बंगळुरू. ते इकडे जिंकले, तिकडे आम्ही जिंकलो, पेनल्टीत ९-८ ने गेलो. त्यांचे तेव्हा ३४ गुण होते. बारा गुणांचं अंतर! आम्ही धागा काढला नाही.

तळवड्याचा_गवा (४ एप्रिल)

निळेभाऊ, २९ मार्चला बाद फेरीत बंगळुरूने तुम्हाला पाच गोल घातले, तुमचा एकही नाही. तेव्हा कप किती ते नंतर मोजू.

गंमत सोडा, महाराष्ट्राचा म्हणून मुंबई हे मला पटत नाही. तळवड्याहून मुंबईला जायचं तर रात्रभराची गाडी. मडगाव दोन-तीन तासांवर. आमच्या आजीचं माहेर पेडण्याचं. दवाखान्याला बांबोळी, लग्नाच्या खरेदीला म्हापसा, आणि फुटबॉलला फातोर्डा. सीमा पत्रादेवीच्या नाक्यावर असते, घरात नसते.

आणि गुणांचं म्हणाल तर २०१९-२० ला आम्हीही शील्डवाले होतो, ३९ गुण, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब त्यातूनच झाला. उपांत्य फेरीत २९ गुणांच्या चेन्नईने तिकडे ४-१ केलं. फातोर्ड्यावर पूर्वार्धातच आपण २-० केलं होतं. एक गोल आणि बरोबरी! मग चेन्नईने दोन मारले. शेवट ४-२, एकूण ५-६. कोंबभाऊ, तीस टक्के म्हणताना हे धरलंत का?

कोंब_मडगाव (४ एप्रिल)

धरलं. नाही तर चाळीस म्हटलं असतं.

वाफोलीचा_विकेटकीपर (४ एप्रिल)

सोमवारी वानखेडेवर आयपीएलची मुंबई-बंगळुरू आहे. घरात बसून बघा. परतीचा प्रश्नच नाही.

शिरोड्याची_मिठागरवाली (४ एप्रिल, रात्री)

एवढे पुरुष बोलतायत पण गाडीचं कोणी सांगत नाही. भावा, आमची इको जातेय. मी, नवरा, नणंद आणि तिचा मुलगा. दोन जागा रिकाम्यो आसत. आम्ही आरोंद्यावरून किरणपाणीच्या पुलाने उतरतो, पुढे म्हापसा, मग तुमचा हायवे. दुपारी अडीचला आरोंद्याच्या तिठ्यावर या. रात्री तुम्हाला तळवड्याला घरापर्यंत सोडून आम्ही शिरोड्याला, आम्हाला थोडं लांब पडेल पण चालेल. पेट्रोलचं वाटून घेऊ. मात्र दोन अटी. गाडीत बाटली नको, येताना रात्रीच्या तपासणीत माझ्या नवऱ्याला उगाच खाली उतरवतात. आणि हरलो तर परत येताना २०१५ काढायचं नाही.

पोराचं म्हणाल तर न्याच. माझ्या नणंदेच्या मुलाने गेल्या वर्षीचा तो २-३ स्टँडमध्ये बसून बघितला. आठवडाभर बोलला नाही. आता तोच तिकिटांची आठवण करतो. मुलं आपल्यापेक्षा बरी असतात, आपण जुनं उगाळत बसतो.

माझं मत विचाराल तर मला चिंता बंगळुरूच्या बचावाची नाही, त्या चाळिशीच्या छेत्रीची आहे. जूनमध्ये देशाकडून निवृत्त झाला, मार्चमध्ये मानोलोनेच त्याला राष्ट्रीय संघात परत बोलावलं, आणि मालदीवविरुद्ध लगेच गोल. आपल्याच प्रशिक्षकाने त्याला पुन्हा तापवून ठेवलंय. एक माणूस क्लब आणि देश दोन्ही सांभाळतो, हे मला पहिल्यापासून पटलेलं नाही.

तळवड्याचा_गवा (४ एप्रिल, रात्री)

ताई, अडीचला तिठ्यावर हजर. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे. वहिनीने तुमचा फोन नंबर मागितला आहे, तोही द्या, नाही तर पोराला सोडणार नाही.

आंजर्ल्याचा_निळा (६ एप्रिल, रात्री ९:४०)

टीव्हीवर बघितलं. काही लिहीत नाही. पोरगा बरा आहे ना?

तळवड्याचा_गवा (७ एप्रिल)

ज्यांनी मदत केली त्यांच्यासाठी, आणि पुढच्या मोसमात हाच प्रश्न पडेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. उत्तरार्ध सुरू होताच बोर्हा हेरेराने १-० केलं. मग अर्धा तास आपण त्यांच्या पेटीबाहेर ठाण मांडून बसलो. ८८ व्या मिनिटाला सादिकू, २-०, एकूण २-२. अख्खा पूर्व स्टँड उभा. पोरगा माझ्या खांद्यावर, त्याचं वजन मला कळलंच नाही. मी मनात जादा वेळेचा आणि वहिनीचा हिशेब करत होतो, आणि नव्वद अधिक दोनला छेत्रीने डोक्याने आत ढकलला. ताईंनी शुक्रवारी लिहिलं होतं तसंच. त्या माझ्या शेजारी होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

दोन वर्षं, दोन उपांत्य फेऱ्या, दोन्ही वेळा नव्वदीनंतर. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. शेवटच्या मिनिटांत आपण गोल मारायचाच विचार करत राहतो, २-० झाल्यावर कोणीतरी चेंडू कोपऱ्यात नेऊन उभं राहायला हवं होतं. २-२ म्हणजे तीस मिनिटं घरच्या मैदानावर, घरच्या गर्दीत, आणि दमलेला बंगळुरू. तिथे चान्स तीस टक्के नव्हता, साठ होता. आणि दहा गुणांचं मी अजूनही म्हणतो. पण प्लेऑफ नसता तर मोसम फेब्रुवारीतच संपला असता, बागानने तेव्हाच शील्ड पक्की केली होती, आणि काल आम्ही कोणी आरोंद्याच्या तिठ्यावर उभे नसतो. त्यामुळे ओरडायचं किती, हे ठरत नाहीये.

परतीचं: जादा वेळ नसल्याने दहाच्या आत गाडी हलली. पर्वरीला अडकलो, बाकी रस्ता मोकळा. साडेबाराला घरी. मोटरसायकलने गेलो असतो तर पर्वरीच्या त्या धुळीत पोराची वाट लागली असती, कोंबभाऊंचे आभार. पुढच्या वेळी म्हापशापर्यंत ओळखीच्या गाडीने आणि तिथे आपली गाडी लावून ठेवणं, हाही मार्ग आहे, ताईंच्या नवऱ्याने सुचवला.

निळेभाऊ, पोरगा बरा आहे. शाळेत गेला, डोळे सुजलेले होते. परत येताना त्याने गाडीत फक्त एकदाच तोंड उघडलं, सुपर कप कधी आहे म्हणून. २० एप्रिलपासून भुवनेश्वरला आहे, सगळे सामने एकेकच, घरचं-बाहेरचं काही नाही, आणि जिंकणाऱ्याला आशियाची पात्रता फेरी. टीव्हीवर कुठे दिसणार हे कोणाला माहीत असेल तर इथेच लिहा, वेगळा धागा काढत नाही.