एसएलव्ही-३ चारच वेळा उडवून बंद का केलं?

सातारचा_चांदोबा
मंडळी, एक बेसिक प्रश्न आहे. लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी इस्रोच्या जुन्या रॉकेटांची माहिती काढत बसलोय आणि एसएलव्ही-३ ची यादी बघून चक्रावलो. १९७९ ला पहिलं उड्डाण, १९८३ ला शेवटचं, मध्ये दोन, विषय संपला. त्यातलं पहिलं समुद्रात गेलं, तिसऱ्याचा उपग्रह नऊ दिवसांत खाली आला. आणि वाहून नेणार किती तर जेमतेम ४० किलो, त्यासाठी २२ मीटर उंच आणि १७ टनाचं रॉकेट! बरं जमायला लागलं तेव्हाच का गुंडाळलं? शिवाय ते अमेरिकेच्या स्काउटची कॉपी होतं असंही वाचलं, खरंय का?

धूमकेतू७७
दादा ४० किलोत फार काही होत नाही हे त्यांनाही पक्कं माहीत होतं. १९८० ला जो रोहिणी उपग्रह वर गेला ना, ३५ किलोचा, त्याचं मुख्य काम काय तर रॉकेटची चौथी स्टेज (टप्पा) कशी चालली ते बघणं. म्हणजे उपग्रहच रॉकेटची परीक्षा घ्यायला पाठवलेला.

बाकी चारही स्टेज घन इंधनाच्या, एकदा पेटवलं की कमीजास्त करता येत नाही. त्यात गायडन्स ओपन लूप, कधी किती वाकायचं ते आधीच भरून ठेवलेलं, वाटेत थोडं इकडेतिकडे झालं तर ते भरून काढायची सोयच नाही, आणि शेवटची स्टेज नुसती गिरकी घेत स्थिर राहायची. मग कक्षा मिळेल ती आपली. १९८० ला ३०५ बाय ९१९ किमी (म्हणजे जमिनीपासून सगळ्यात जवळ ३०५, सगळ्यात लांब ९१९) मिळाली, १९८१ ला १८६ बाय ४१८. एवढ्या खाली हवा लागतेच, म्हणून ते नऊ दिवस.

अण्णा_गिरगावकर
१० ऑगस्ट १९७९ बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पहिलं उड्डाण फसलं तेव्हा इस्रोचे प्रमुख धवन सर स्वतः पत्रकारांसमोर गेले आणि पुढच्या वर्षी जमल्यावर एसएलव्ही-३ चे प्रकल्पप्रमुख कलामांना पुढे केलं, हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, तो सोडा. मला कायम भारी वाटतं ते बिघडलेलं काय होतं ते. दुसऱ्या स्टेजला दिशा द्यायला नायट्रिक ॲसिडवर चालणारी कंट्रोल सिस्टिम होती, तिच्या एका व्हॉल्व्हमध्ये धूळ अडकली आणि तो उघडाच राहिला, ॲसिड गळून गेलं, तेही रॉकेट अजून जमिनीवर असताना. पहिली स्टेज मस्त चालली. दुसरी पेटली, ढकलायला जोर होता पण वळवायला काही शिल्लकच नव्हतं. ३१७ सेकंदांत खेळ खलास, श्रीहरिकोट्यापासून ५६० किमीवर बंगालच्या उपसागरात.

मग ११ महिन्यांत दुसरं उभं करून १८ जुलै १९८० ला सकाळी आठच्या सुमाराला उडवलं आणि जमलं!

पक्का_पुणेकर
कॉपी म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. ढाचा स्काउटसारखा आहे, नाही कोण म्हणतंय, चार घन स्टेज, उंचीही जवळपास तेवढीच, आणि कलाम १९६३ ला नासाच्या लँग्लीला जाऊन आले होते जिथे स्काउटचं काम चालायचं. पण फोटो बघून घन इंधन बनत नाही हो. ती बाजू आपल्या वसंतराव गोवारीकरांनी थुंब्यात (केरळातलं इस्रोचं केंद्र) उभी केली, लोकांना ते मान्सूनच्या मॉडेलमुळेच आठवतात हे दुर्दैव.

आणि प्रोजेक्टमध्ये स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडणारा "भारत सहावा देश" लिहिणार असाल तर जपून. रशिया, अमेरिका, फ्रान्स, जपान, चीन, मग १९७१ ला ब्रिटन. ब्रिटनने ब्लॅक ॲरो रॉकेटने एकच उपग्रह सोडला आणि कार्यक्रमच बंद केला म्हणून त्यांना वगळतात. मोजले तर आपण सातवे.

धूमकेतू७७
@पक्का_पुणेकर इस्रोच्या साइटवर सहावाच आहे, बाई मार्क कापतील 😄

अण्णा_गिरगावकर
बंद केलं म्हणजे मोडीत काढलं असं नाही हां. एसएलव्ही-३ ची चौथी स्टेज ॲपल उपग्रहात बसली आणि १९८१ ला युरोपच्या एरियन रॉकेटमधून गेली, त्याला वरच्या कक्षेत ढकलायची मोटर तीच. पहिली स्टेज तर जास्तच जगली. तिच्यासारख्याच दोन बाजूला लावल्या की झालं पुढचं रॉकेट एएसएलव्ही, क्षमता १५० किलो (त्याची पहिली दोन उड्डाणं आपटली ती वेगळी रडकथा). तिथूनच पीएसएलव्ही रॉकेटचे स्ट्रॅप-ऑन (बाजूला बांधलेली जादा रॉकेटं). आणि मे १९८९ ला अग्नी क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली तेव्हा खालची स्टेज एसएलव्ही-३ चीच होती, जे बघून बाहेरच्या देशांचं डोकं दुखायला लागलं.

सातारचा_चांदोबा
वा, हे कुठेच एकत्र वाचलं नव्हतं. लेक म्हणते अग्नीचं लिहू नको, विषय "अंतराळ" आहे. आणि सहावा-सातवावर ती ठाम आहे, दोन्ही लिहिणार म्हणते. एएसएलव्हीची रडकथा कोणीतरी वेगळा धागा काढून लिहा राव.