ज्वाळा नसली तरी ‘ज्वलन’?

सांजवात: भाचीच्या प्रयोगशाळेतल्या कामाचा गोषवारा मराठीत करतेय. उभ्या नळीसारख्या भट्टीत धातूच्या भुकटीचे कण वरून सोडतात आणि पडता पडता ते कसे जळतात ते वेगवान कॅमेऱ्यानं टिपतात. अ‍ॅल्युमिनियमच्या कणावर ऑक्साइडचं कवच असतं. आतला धातू ६६० अंशांना वितळतो, कवच वितळायला मात्र सुमारे २०५० लागतात. पुढे धातूची वाफ पेटते, कणाभोवती ज्वाळेचं कडं दिसतं, पांढरा धूर सुटतो. लोखंडाचं तसं नाही. नुसता वितळलेला थेंब झळाळतो. तिथं मी ‘ज्वलन’ लिहिलं, तर ती म्हणाली, “मावशी, ज्वाळा कुठाय?” मग ‘दहन’ लिहू का?

कानस: दहन म्हटलं की मला होळी आणि स्मशानच आठवतं, म्हणजे मागे राख. इथं उलट वजन वाढतं. ५६ ग्रॅम लोखंडाचं ८० ग्रॅम तांबडं ऑक्साइड होतं! दहन नकोच.

मूळधातू: ‘ज्वल्’चा अर्थ प्रकाशणं असाही आहे, ‘उज्ज्वल’ त्यातलाच. झळाळणाऱ्या थेंबाला ‘ज्वलन’ चपखल बसतं. शाळेच्या पुस्तकातही तोच शब्द आहे.

कानस: व्युत्पत्ती राहू द्या. मी वर्षानुवर्षं ग्राइंडरवर काम केलंय, ठिणगी बघून पोलाद ओळखतो. कार्बन जास्त असला की ठिणगी फुटून फांद्या सुटतात, मऊ लोखंडाची लांब रेघ जाते. ती ठिणगी हवेत जळणारा लोखंडाचा कणच. मराठीत ‘रसरसणं’ आहे, ते वापरा.

सांजवात: ऐरणीवरचा लाल फाळही रसरसलेलाच असतो, पण तो बाहेरच्या आचेनं. हा कण प्राणवायूशी संयोग होऊन स्वतःच्या उष्णतेनं तापतो. तापणं आणि जळणं यांतला फरक हाच तर तिच्या कामाचा विषय.

मूळधातू: ‘भुकटी’ही खटकते. ‘धातुचूर्ण’ लिहा.

कानस: चूर्ण वैद्याचं! कानशीनं पडतो तो कीस, करवतीनं भुसा.

सांजवात: हे कण वितळलेला धातू फवारून केलेले, गोल आहेत. कीस कसं म्हणू?

कानस: मग रवा. सोनाराकडे सोन्याचा रवा असतो की.

सांजवात: रवा आवडला. पण पन्नास मायक्रॉनचा कण म्हणजे मैदाच हो.